कुत्र्याचा हिस्सा

नॉर्शपिंग, १२ ऑगस्ट १९९८

प्रिय एवाल्ड,

सुखरूप पोचले. फोन करणार होते, पण तू उचलतोस, "कोण? कोण?" असं ओरडतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र.

सरळ मुद्द्यावर येते. तुझी कुत्री मला बघवली नाही. एल्कसारख्या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीत नाव काढलेली सोट! फक्त नऊ वर्षांची, आणि चालते कशी, तर आपली हिल्मामावशी बारशाचं जेवण आटोपून घरी यायची तशी. दिवसभर खाजवते, चुलीपाशी लोळते आणि असा वास सोडते की मला जुलैतल्या डासांतसुद्धा खिडकी उघडून झोपावं लागलं. याला कारण तुझ्या स्वयंपाकघरातली ती गोणी. कोरडे दाणे! त्या गोणीवर एका पिवळ्या कुत्र्याचं हसरं चित्र आहे. हसणारच तो, त्याला ते खावं लागत नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर बेआता राहते. नाकाने कांदे सोलते, पण कुत्र्यांचं तिला कळतं. तिने आपल्या कुत्र्याचे दाणे बंद करून कच्चं मांस आणि हाडं सुरू केली. तो कुत्रा आता जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. आणि तुला तर मांसासाठी कुठे जायला नको, शिकार दारात आहे. बाबांनी कधी कुत्र्यासाठी गोणी आणली होती का, सांग बघू?

मी चिडून लिहितेय असं वाटेल, पण तसं नाही. माझ्या थायरॉइडच्या गोळ्या आता बरोबर आहेत. गेल्या वर्षी चुकून दुप्पट घेत होते, तेव्हा पहाटे उठून पडदे धुवायचे आणि बेआताला दारातून हाकलून दिलं होतं. आता जे दिसतं तो माझा स्वभाव आहे.

तुझी ताई,
योर्डिस

*

शार्नबाका, २३ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र सोटला वाचून दाखवलं. हिल्मामावशीचा भाग तिला आवडला नाही.

आता माझं ऐक. मी जंगलात तीस वर्षं करवत आणि यंत्र चालवलं, त्यात कान गेले. समोर बसून कुणी तोंड उघडून बोललं तर ओठांवरून कळतं, बाकी सगळं बंद. आता घरातले कान म्हणजे सोट. दार वाजलं की ती येऊन माझ्या गुडघ्याला नाक लावते आणि दाराकडे जाते. फोन वाजला की गुडघ्याला नाक आणि फोनकडे. किटली उकळली की चुलीकडे. हे मी तिला शिकवलं नाही. कैसा वारली, मी विधुर झालो, त्या हिवाळ्यात सोटने तिचं तिनेच सुरू केलं.

नगरपालिकेकडून आठवड्यातून तीनदा घरकामाला मदतनीस येते, पेर्निला. ती तोंडावर म्हणाली, "ही कुत्री आहे म्हणून तुम्हाला इथे एकटं राहू देतात. नाहीतर वृद्धाश्रमातली खोली तयार आहे." तेव्हा माझ्या कानांवर प्रयोग करताना मी दहादा विचार करणार.

पण गोणीबद्दल तू म्हणतेस ते खोटं नाही. यंदा पायऱ्या चढताना ती थांबते. सात सप्टेंबरला शिकार सुरू होईल. शेडमध्ये मांसाचे ढीग लावतील, एक जण भिंतीकडे तोंड करून, ढीग न बघता, एकेका ढिगासाठी नाव पुकारेल, तुला आठवत असेलच. शेवटचा ढीग कुत्र्याचा. ज्याच्या कुत्र्याने जनावर अडवून धरलं त्याला तो मिळतो, आणि गेली सात वर्षं तिथे माझंच नाव पुकारतात. तो हिस्सा घरी आला की बघू.

तुझा,
एवाल्ड

*

शार्नबाका, ४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. हात रिकामे नव्हते. शिकार झाली, मांस आलं, मी ते यंत्रातून काढून पिशव्या भरल्या आणि फ्रीझर झाकण बसेना इतका भरला. गोणी हॅल्वरच्या कोंबड्यांना देऊन टाकली.

आणि ताई, तू म्हणालीस ते खरं निघालं! पहिले आठ दिवस काही नाही. मग एका सकाळी बघतो तर सोट अंगणातल्या लाकडांच्या ढिगावर उभी. ढिगावर! पोट आत गेलंय, डोळे चमकतात, खाजवणं थांबलंय. मी पाणी भरायला निघालो की माझ्यापुढे तीन वेळा तळ्यावर जाऊन येते. पेर्निला म्हणाली, "काका, कुत्री बदलून आणलीत की काय?"

हॅल्वर कुंपणापाशी थांबून बघत होता. शिकारीच्या टोळीचा तो मुख्य, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर येतं. बराच वेळ बघून म्हणाला, "हं." त्याच्याकडून एवढं म्हणजे भाषणच झालं.

मला वाटतं आम्हा दोघांना अजून पाच वर्षं मिळाली. कैसाच्या फोटोला हे सांगितलं.

तुझा,
एवाल्ड

*

नॉर्शपिंग, १० ऑक्टोबर

प्रिय एवाल्ड,

तुझं पत्र मी बेआताला दोनदा वाचून दाखवलं आणि नंतर एकटीच थोडी रडले. कैसा गेल्यापासून तू मला एकही आनंदाची ओळ लिहिली नव्हतीस.

बेआता विचारते, कुठलं मांस देतोस? हाडं किती, काळीज किती? सगळं नीट लिही, ती वहीत टिपून ठेवते. आणि कुत्र्याचा हिस्सा या वर्षीही तुलाच मिळाला ना? बाबा असते तर गावभर सांगत सुटले असते.

तुझी ताई

*

शार्नबाका, १ नोव्हेंबर

प्रिय ताई,

काहीतरी बिघडलंय. कुणाला विचारू कळत नाही, म्हणून तुलाच विचारतो.

सोट झोपत नाही. घरभर फिरते, जीभ बाहेर काढून धापा टाकते, आणि बाहेर तर बर्फ पडायला लागलाय. बादली-बादली पाणी पिते आणि चटईवरच मुतते, जे पिल्लू असतानाही कधी केलं नव्हतं. मी देतो त्याच्या दुप्पट खाते, तरी बरगड्या मोजता येतात. शेपटीवरचे केस गेले. काल छातीवर हात ठेवला तर आत ससा पळत असल्यासारखं लागत होतं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. ती आता खोटं सांगते, ताई. येते, गुडघ्याला नाक लावते, दाराकडे जाते. मी उठून दार उघडतो, तर बाहेर नुसता बर्फ, पावलाचा ठसासुद्धा नाही. परत येऊन बसतो, तर पुन्हा नाक. फोनकडे नेते, मी उचलून "कोण?" म्हणतो आणि हातात रिसीव्हर धरून बसतो, पलीकडे कुणी आहे की नाही हे मला कसं कळणार? परवा एका दिवसात मी एकतीस वेळा उठलो. मोजलं. आणि ज्या एका वेळी मी कंटाळून उठलो नाही, तेव्हा किटली जळून गेली.

भूक लागत असेल म्हणून मांस वाढवलंय. गोणी परत आणू का? तू सांगशील तसं करतो.

तुझा,
एवाल्ड

*

नॉर्शपिंग, ६ नोव्हेंबर

प्रिय एवाल्ड,

घाबरू नकोस आणि ऐन वेळी कच खाऊ नकोस. बेआता म्हणते हे होतंच. नऊ वर्षं दाणे खाऊन अंगात साठलेली घाण बाहेर पडतेय. केस गळतात, पाणी जास्त लागतं, जनावर बेचैन होतं. तिच्याही कुत्र्याला तीन आठवडे त्रास झाला होता. आता गोणी आणलीस तर केलं-सवरलं पाण्यात जाईल. मांस वाढवलंस ते उत्तम केलंस.

आणि तिच्या त्या खोट्या निरोपांना उठू नकोस. तू उठतोस म्हणून तिला चटक लागलीय. मी शाळेच्या स्वयंपाकघरात बत्तीस वर्षं काढली, पोरं कशी लक्ष वेधून घेतात ते मला विचार. नाक लावलं की "पड खाली" म्हणायचं आणि बसून राहायचं. चार दिवसांत सुतासारखी सरळ होईल.

तू कुठलं मांस देतोस ते अजून लिहिलं नाहीस.

तुझी ताई

*

शार्नबाका, मंगळवार १७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

काल सोट पेर्निलाला चावली. ती भांडं उचलायला वाकली तर हाताचाच चावा घेतला. रक्त आलं. पेर्निला रडली, पण दुखलं म्हणून नाही, म्हणाली, "काका, आता मला हे वर कळवावं लागेल." आज नगरपालिकेचं पत्र आलं. कुत्री घरात असेपर्यंत कुणाला पाठवता येणार नाही. आणि कुत्री नसेल तर मी एकटा राहू शकत नाही. म्हणजे दोन्ही वाटा त्या खोलीकडेच जातात.

शेजारच्या गोठ्यावर जनावरांचा डॉक्टर आला होता, त्याला हात धरून आणलं. त्याने विचारलं काय खाते, मी म्हटलं एल्कचं मांस. "उत्तम," म्हणाला, "मग खाण्याचं काही नाही. वय झालंय. डोक्यात गाठ असेल. माणसाला चावायला लागली तर जास्त ताणू नका." ती त्याच्यावरही गुरगुरत होती. माझ्या सोटने आयुष्यात कुणाला दात दाखवले नव्हते, ताई. ती मला बघते तेव्हा ओळखते, आणि पुढच्या क्षणी जणू आतून कुणीतरी तिला हाकलतं आणि ती फिरायला लागते. मला ते बघवत नाही. मी तिच्यासमोर हुंदके देऊन रडलो आणि ती दाराकडे गेली, कुणी आलंय म्हणून.

शुक्रवारी अकरा वाजता हॅल्वर येईल. त्यालाच सांगितलं. आपल्याकडे हे स्वतःच करायची रीत आहे, पण माझा नेम आता भरवशाचा नाही आणि तिला दोन गोळ्या लागाव्यात असं मला नको.

ती जाण्याआधी तुझ्याशी खोटं बोललेलं मिटवून टाकतो. या वर्षी हिस्सा मला मिळाला नाही. सोटला शिकारीला नेलंच नाही. "राहू दे या वर्षी," एवढंच हॅल्वर म्हणाला. शेवटचा ढीग आला तेव्हा मी सवयीने एक पाऊल पुढे टाकलं आणि नाव हॅल्वरचं पुकारलं गेलं होतं, त्याच्या नव्या कुत्र्यामुळे; तो ढीग उचलायला वाकला तेव्हा मला कळलं. सगळे बुटांकडे बघत राहिले. मला रिकामं टोपलं घेऊन घरी जाववेना. कोपऱ्यात टाकून द्यायच्या भागांची टाकी होती, तिच्यात नरडी होती. मी म्हटलं, ही नेतो कुत्रीला. हॅल्वर म्हणाला, "ने." मग पलीकडच्या गावाच्या शेडमधलीही आणली. सतरा जनावरांची नरडी, तीच दळून पिशव्या भरल्या. बाबा नरडी खडकावर डोमकावळ्यांसाठी ठेवायचे, मला ते नेहमी वाया घालवणं वाटायचं. मांस तर मांसच. पण तुला "नरडी" असं लिहायची लाज वाटली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. तू चांगल्यासाठीच सांगितलं होतंस, मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
एवाल्ड

*

नॉर्शपिंग, शुक्रवार २० नोव्हेंबर, सकाळचे पावणेअकरा

एवाल्ड,

तुझं पत्र आत्ता आलं. हे तुला सोमवारी मिळेल, म्हणजे लिहून काही उपयोग नाही. पण एका हातात रिसीव्हर आहे आणि दुसऱ्या हाताला काही दिलं नाही तर मी वेडी होईन.

वाजतोय. तुझ्या घरात फोन वाजतोय. ऊठ ना रे!

नरड्याला थायरॉइडची गाठ चिकटलेली असते. सतरा जनावरांच्या गाठी तू तिला दोन महिने चारल्यास आणि मी सांगितलं, वाढव. खाऊन वाळणं, धापा, केस, पाणी, छातीत ससा, माणसावर धावून जाणं, हे सगळं तू मला माझंच दुखणं लिहून पाठवलं होतंस. दुप्पट गोळ्या घेत होते तेव्हा मी अशीच होते. मीसुद्धा दार वाजलं म्हणून उठायचे आणि दारात कुणी नसायचं. पहिल्याच पत्रात मी त्याच्यावर विनोद केला, आणि तुझी दोन पत्रं वाचून मला काही म्हणजे काही सुचलं नाही. तिच्या डोक्यात गाठ नाही, एवाल्ड. ती म्हातारी झालेली नाही. नरडी बंद केली की उतरेल. माझं उतरलं होतं.

आणि बाबा! बाबांच्या नावाने मी तुला टोमणा मारला. बाबांना काय डोमकावळ्यांचा लळा होता? त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, कुत्र्याला देऊ नकोस म्हणून. आपण कधी विचारलं नाही.

हॅल्वरच्या घरी फोन केला. बायको म्हणाली, तो निघाला. मी विचारलं, बंदूक घेऊन? म्हणाली, हो. गाठून आण त्याला, म्हटलं तर म्हणाली, गाडी तोच घेऊन गेलाय.

तुझा पुन्हा लावला. बराच वेळ वाजला की आपोआप तुटतो, मग परत लावते. अकरा वाजून पाच मिनिटं. तुझ्या घरात हा फोन ऐकू येणारा एकच जीव आहे. ती आत्ता तुझ्या गुडघ्याला नाक लावत असेल, आणि तिच्यासाठी उठू नकोस हे मीच तुला लिहिलं. मीच लिहिलं. देवा, तिचं ऐक. माझं ऐकू नकोस, तिचं ऐक.

अकरा वाजून वीस. वाजतोय

*

शार्नबाका, २९ नोव्हेंबर, ख्रिसमसआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय ताई,

त्या दिवशी काय झालं ते तुला हॅल्वरने फोनवर सांगितलं, पण हॅल्वरचं सांगणं म्हणजे चार शब्द. म्हणून मी लिहितो. तुझं अर्धं पत्रही मिळालं. ते तू तरीही टाकलंस, बरं केलंस. मी ते रोज वाचतो.

हॅल्वर अकराला आला. बंदूक बाहेर गाडीत ठेवली. कॉफी तर प्यायलाच हवी, म्हणून बसलो. सोट उठली, आली, गुडघ्याला नाक लावलं आणि फोनकडे गेली. मी म्हटलं, "पड खाली." ती पडली. परत उठली, परत नाक, परत फोन. "पड खाली." तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर मला पुढचं काही जमलं नसतं. चौथ्यांदा तिने नाक लावलं नाही. आख्खं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि तशीच धापा टाकत उभी राहिली. मी तिच्या गळ्यात पट्टा अडकवला. मला वाटलं, ती निरोप घेतेय.

हॅल्वर दारात बूट चढवत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "उचलणार नाहीस का?"

"काय?"

"फोन. मी बसल्यापासून वाजतोय."

"मग बोलला का नाहीस, माणसा!"

"तुझ्या घरचा फोन. मला वाटलं, तुला उचलायचा नसेल."

मी रिसीव्हर उचलून त्याच्या कानाला लावला. त्याचा चेहरा मी साठ वर्षं बघतोय, पण तो असा पांढरा पडलेला कधी बघितला नव्हता. त्याने आधी माझ्या हातातून पट्टा घेतला आणि सोडला. मग खाली बसला आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन काहीतरी म्हणाला. माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे काय ते मला कळलं नाही. नंतर फ्रीझर त्याने एकट्याने रिकामा केला.

बुधवारी त्याच्याच गाडीतून तिला शहरात डॉक्टरकडे नेली. रक्त तपासलं. तू म्हणालीस तेच. सहा आठवड्यांत उतरेल म्हणतात, हृदयाला किती इजा झाली ते तेव्हा कळेल. गोणी परत आणली, पिवळ्या कुत्र्याची. कालपासून झोपायला लागलीय. पेर्निला खिडकीतून डोकावून गेली. सोट शांत झाली आणि पूर्वीसारखे खरे निरोप द्यायला लागली तर जानेवारीत परत बघू, असं वरचे म्हणालेत.

आता जे हॅल्वरलाही सांगितलं नाही ते लिहितो. ती निरोप देत नाही, ताई. त्या दिवसापासून एकदाही नाही. काल हॅल्वर दार वाजवून वाजवून शेवटी तसाच आत आला. सोटने ऐकलं होतं. मी बघत होतो, तिने मान वर केली, कान उभे केले, माझ्याकडे बघितलं, आणि परत पंजांवर डोकं ठेवून पडून राहिली. मी तिला तसंच शिकवलं. ज्या एका दिवशी तिने मला चार वेळा खरं सांगितलं, त्या दिवशी मी चारही वेळा तिला गप्प केलं. आजार उतरेल. हे उतरेल की नाही, कोणता डॉक्टर सांगणार?

म्हणून तुझ्याकडे एक मागतो. रोज दुपारी चारला फोन कर. मला काही ऐकू येणार नाही आणि तुला बोलायला काही नसेल, तरी कर, आणि तुटेपर्यंत वाजू दे. माझ्या मनाने मी उचलणार नाही. ती उठेल त्या दिवशी उचलेन. आणि तू केला नाहीस, कुणीच केला नाही, तरी ती आली तर मी उठेन. एकतीस वेळा आली तर एकतीस वेळा उठेन.

मी तीन वाजल्यापासूनच खुर्चीत बसलेला असेन, गुडघा पुढे करून.

तुझा,
एवाल्ड